विमानांच्या जत्रेला, आपलं विमान घेऊन

रात्री पावणेअकराला फोन वाजला की पोटात गोळा येतो, नाही का? त्यातून तो माहेरचा असला की जास्तच. गेल्या जुलैमधल्या एका रविवारी माझा फोन असाच वाजला. जयपूरमध्ये पाऊस पडून गेला होता, मी खिडक्या उघडून नुकती आडवी झाले होते.

"जागी आहेस ना? मोबाइल बघ. लिंक पाठवलीय. हा गोल गोल का फिरतोय?"

दादा. येवल्याहून. मागून वहिनीचा आवाज, "अहो, त्यांना आधी नीट सांगा तरी!"

लिंक उघडली. नकाशावर एक तळं, आणि तळ्याभोवती एक इवलंसं पिवळं विमान घिरट्या घालत होतं. त्याच्या मागेपुढे आणखी पंधरा-वीस पिवळी विमानं. एखाद्या लाडवाभोवती मुंग्या फिराव्यात तशी. त्यातल्या एका मुंगीत माझा भाचा होता. दादाचा एकुलता एक.

हल्ली तुमच्यापैकी बऱ्याच जणांची मुलं परदेशात असतात. त्यांची विमानं आपण मोबाइलवर बघत बसतो. आता दुबई आलं, आता अमुक आलं. पण ते मोठं विमान असतं, चालवणारे वेगळे असतात. इथे चालवणारा आमचा पोरगाच होता. चार जणांच्या बसण्याचं एका इंजिनाचं सेसना, तेही क्लबचं भाड्याचं. शेजारच्या खुर्चीत त्याचा एक मित्र, मागे तंबू, पथाऱ्या आणि वहिनीने पाठवलेला चिवडा. निघाले होते शिकागोजवळच्या एका छोट्या विमानतळावरून, जायचं होतं ऑशकॉशला. विमानांच्या जत्रेला. पहिल्यांदाच.

ऑशकॉश हे नाव मला तोवर फक्त तान्ह्या बाळांच्या डांगरीवर माहीत होतं. अमेरिकेतून येणारे नातेवाईक आणतात ना, 'ऑशकॉश बगॉश' लिहिलेली, तीच. ते कपडे मूळचे त्याच गावचे. विस्कॉन्सिन राज्यात विनेबागो नावाच्या मोठ्या तळ्याकाठी हे गाव आहे. वर्षभर शांत असतं म्हणे. पण जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तिथे आणि आसपासच्या विमानतळांवर मिळून दहा हजारांहून जास्त विमानं उतरतात. २०२३ साली या मेळ्याला पावणेसात लाखांच्या वर माणसं आली होती. त्या दिवसांत विमानतळ उघडा असताना तासाला सरासरी १४८ उड्डाणं आणि उतरणं झाली. म्हणजे दर मिनिटाला दोनाहून जास्त. त्या आठवड्यात ऑशकॉशचा टॉवर जगातला सगळ्यात गजबजलेला टॉवर असतो.

आणि हे सगळं सुरू झालं ते अगदी घरगुती. पॉल पोबेरेझ्नी नावाचा एक गृहस्थ. घरच्या घरी विमान बांधायचा नाद असलेली माणसं त्याने मिलवॉकी शहरात गोळा केली आणि संघटना काढली. तारीख होती २६ जानेवारी १९५३. (आपल्याकडे त्या दिवशी चौथा प्रजासत्ताक दिन!) संघटनेचा कारभार त्याच्या घराच्या तळघरातून चालायचा. त्याच वर्षीच्या पहिल्या मेळ्याला दीडशेहूनही कमी माणसं होती. पुढे जागा पुरेना, म्हणून दोनदा मुक्काम हलवला आणि १९७० पासून मेळा ऑशकॉशलाच भरतो. आपल्याकडच्या जत्रा जशा एखाद्या ओट्याभोवती सुरू होतात आणि मग गावात मावत नाहीत, तसंच हे.

तर त्या रात्री आम्ही तिघं, दोघं येवल्यात आणि मी जयपुरात, त्या पिवळ्या ठिपक्याकडे बघत बसलो. सव्वाअकराच्या सुमारास तो ठिपका घोळक्यातून बाहेर पडला आणि भलत्याच दिशेला निघाला. ऑशकॉशपासून दूर.

"काहीतरी झालंय," दादा म्हणाला. त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

पुढची बारा मिनिटं आमच्यापैकी कुणी बोललं नाही. फोन मात्र कुणी ठेवला नाही. मग ठिपका एका दुसऱ्याच विमानतळावर जाऊन थांबला. दहा मिनिटांनी मेसेज आला: "उतरलो. ठीक आहोत. ऑशकॉश नाही, फॉन्ड डु लॅक. चिवडा खातोय."

वहिनी रडली. दादा चिडला. "एवढं जायचं आणि दारातून परत यायचं!" असं काहीतरी म्हणाला. बापाची भीती उतरली की ती रागाच्या वाटेने उतरते, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

खरं काय झालं होतं ते मला कळलं या जानेवारीत. भाचा सुट्टीवर आला होता, आठ दिवस येवल्यात राहून संक्रांतीला माझ्याकडे आला. "येवल्याचा पतंग खूप झाला, आत्या, आता तुमचा जयपूरचा बघू," म्हणाला. येवल्याचा माणूस संक्रांतीला येवला सोडून येतो, यावरून त्याचं माझ्यावरचं प्रेम तुमच्या लक्षात यावं.

चांदपोलजवळ माझ्या एका मैत्रिणीचं जुनं घर आहे. संक्रांतीला आम्ही तिच्या गच्चीवर असतो. परकोट्यातल्या गच्च्या एकमेकींना इतक्या चिकटून, की या गच्चीवरची फिणी त्या गच्चीवर हातानेच द्यावी. प्रत्येक गच्चीवर गाणी, आणि दर मिनिटाला कुठून तरी आरोळी, "वो काटा!" वर बघावं तर निळं आभाळ कमी आणि कागद जास्त. येवल्यात ज्याला आसारी म्हणतात ती इथे चरखी, एवढाच काय तो फरक. मांजा दोन्हीकडे बोटं कापतोच.

"आत्या, ऑशकॉशच्या वरचं आभाळ असंच दिसतं," भाचा वर बघत म्हणाला. "फक्त प्रत्येक पतंगात माणसं बसलेली."

मैत्रिणीची नात तिथेच होती. ती वनस्थली विद्यापीठात शिकते. जयपूरहून गाडीने दीड-दोन तासांवर, निवाईजवळ. १९३५ साली सुरू झालेली ही मुलींची संस्था तुमच्यापैकी काहींनी ऐकली असेल. तिथे मुलींसाठी फ्लाइंग क्लब आहे, तोही साठच्या दशकापासून. लढाऊ विमान एकटीने उडवणारी पहिली भारतीय महिला अवनी चतुर्वेदी वनस्थलीचीच. या पोरीलाही तोच नाद. तिच्या मोबाइलवर मात्र फोटो होता मुंबईच्या आरोही पंडितचा, जिने मे २०१९ मध्ये एका हलक्या छोट्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला. तर ही पोर चरखी धरून उभी होती. भाच्याचं बोलणं ऐकून तिने मांजा सोडला आणि येऊन समोर मांडी घालून बसली. "भैया, शुरू से बताइए."

त्याने तिळाच्या लाडवांचं ताट पुढे ओढलं. पुढचा अर्धा तास ते ताट म्हणजे विस्कॉन्सिन.

एक लाडू इथे, हे रिपन गाव. दुसरा तिथे, फिस्क. त्याच्या पुढे वाटी उपडी, ते ऑशकॉश. रिपन ते फिस्क रेल्वेचे रूळ जातात, त्याजागी त्याने मांजाचा तुकडा ठेवला. चारी दिशांनी येणारी छोटी विमानं आधी रिपनकडे जमतात आणि मग त्या रुळांवरून एकामागे एक, एका रांगेत चालू लागतात. वेग ९० नॉट, म्हणजे ताशी साधारण १६७ किलोमीटर. उंची समुद्रसपाटीपासून १८०० फूट. खालची जमीनच आठ-नऊशे फुटांवर, त्यामुळे प्रत्यक्षात शेतांच्या वर हजारेक फूटच. पुढच्या विमानापासून अंतर अर्धा मैल. पुढच्याला ओलांडायचं नाही. जागा करायला नागमोडी वळायचं नाही. ज्यांना इतकं हळू उडताच येत नाही त्या वेगवान विमानांची रांग वेगळी, पाचशे फूट वर.

आणि मुख्य म्हणजे बोलायचं नाही.

"बोलायचं नाही म्हणजे?" मी विचारलं. मला वाटत होतं की वैमानिक सतत रेडिओवर बोलत असतात.

"एवढ्या सगळ्यांनी बोलायचं म्हटलं तर कुणाचंच ऐकू येणार नाही. म्हणून फक्त ऐकायचं. फिस्कला रस्त्याच्या कडेला एक टेकाड आहे. तिथे नियंत्रक दुर्बिणी घेऊन बसतात, गुलाबी टी-शर्ट घालून."

गुलाबी म्हटल्यावर मी जयपूरची, मान डोलावलीच.

"ते खालून आपल्याला ओळखतात. नावाने नाही, नंबराने नाही. 'पांढरं विमान, वर पंख असलेलं, पंख हलवा.' आपण पंख हलवायचे. तेच आपलं 'हो'. मग ते सांगतात कुठल्या धावपट्टीवर जायचं."

हे मला फार आवडलं. लग्नाच्या मांडवात मोठी माणसं लांबून खूण करतात, "ए निळ्या शर्टवाल्या, इकडे ये," आणि आपण मान हलवतो, तसं.

उतरण्याची रीतही वेगळीच. धावपट्टीवर मोठे रंगीत ठिपके रंगवलेले असतात. टॉवर सांगतो, तुम्ही हिरव्या ठिपक्यावर टेका. मागच्याला सांगतो, तुम्ही नारिंगीवर. एकाच पट्टीवर एकाच वेळी दोन-तीन विमानं, वेगवेगळ्या ठिपक्यांवर. वैमानिकाला शिकवलेलं असतं की धावपट्टीच्या सुरुवातीला टेकायचं. इथे ती सुरुवात सोडून, पट्टीच्या वरूनच तरंगत पुढच्या ठिपक्यापर्यंत जायचं. आणि मागचा येतोय म्हणून घाई. या घाईत वेग फार कमी झाला, त्यातच विमान जोरात वळवलं, तर पंख हवा सोडतात आणि विमान खाली कोसळतं. जमीन इतकी जवळ की सावरायला उंचीच नाही. टेकल्यावर लगेच बाजूच्या गवतात वळायचं, पट्टी मोकळी करायची. काचेत मोठ्या अक्षरांत कागद लावलेला असतो, आपल्याला तंबू टाकून राहायचंय की नुसतं विमान ठेवायचंय ते सांगणारा. तो बघून स्वयंसेवक हातवारे करत वाट दाखवतात. मग विमान खुंट्यांना बांधायचं आणि पंखाखाली तंबू ठोकायचा.

हे सगळं तीसेक पानांच्या एका पुस्तिकेत छापलेलं असतं. ती दरवर्षी नव्याने निघते आणि पाठ करूनच यायचं असतं. भाच्याने दोन महिने ती वाचली. ऑफिसला जाताना गाडीत मित्राकडून प्रश्न विचारून घेतले. एका शनिवारी आपल्या विमानतळाजवळ नुसता ९० नॉटवर उडत राहण्याचा सराव केला, कारण सेसना सहज त्याहून जोरात जातं आणि हळू उडवणं हेच कठीण. वजनाचा हिशेब केला. दोन माणसं, तंबू, पाणी, खुंट्या. न्हाणीघरातल्या काट्यावर एकेक वस्तू ठेवून बघितली. वहिनीचा चिवडा अडीच किलो भरला. तो निम्मा घरी ठेवला, हे वहिनीला अजून सांगितलेलं नाही. (तिने हे वाचलं तर आता कळेल.) आणि तरीही टाक्या काठोकाठ भरता येईनात. वजन बसेल इतकंच, चार तासांचं इंधन घेतलं.

"आणि एका कागदावर एक ओळ लिहून ती गुडघ्यावर बांधली," तो म्हणाला. "टाकीत दीड तास उरलं की फॉन्ड डु लॅक. काहीही झालं तरी."

फॉन्ड डु लॅक हे ऑशकॉशच्या दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवरचं गाव. तिथेही विमानतळ आहे.

आता त्या रविवारची गोष्ट. सोमवारी मेळा सुरू होणार, म्हणून रविवारी गर्दीचा कळस. ते रिपनला पोचले, रांगेत शिरले. पहिली दोन मिनिटं छान. मग पुढचं विमान हळू होऊ लागलं. ९० चं ८५, ८० च्याही खाली. अर्ध्या मैलाचं अंतर डोळ्यांदेखत आटत चाललं. मागेही कुणीतरी होतंच. भाचाही हळू झाला. विमानाचं नाक वर येऊ लागलं, दांडा हातात पिलपिलीत लागू लागला.

"तेव्हा मी फिस्कपासून दोन मिनिटांवर होतो, आत्या. रूळ दिसत होते. टेकाड दिसेल असं वाटत होतं. मित्र म्हणाला, थोडंच राहिलंय, ढकल. आणि पुस्तिकेत लिहिलेलं होतं, अंतर राखता येत नसेल तर रांग सोडा आणि परत सुरुवातीला जा."

त्याने रांग सोडली. बाजूला वळून, वळसा घालून पुन्हा मागे. तोवर नियंत्रकांनी रांगच थांबवली आणि सगळ्यांना ग्रीन लेक नावाच्या तळ्याभोवती फिरत राहायला सांगितलं. हीच ती घिरट्यांची वेळ, जेव्हा येवल्यात आणि जयपुरात आमचे श्वास अडकले होते.

दहा मिनिटं. वीस. चाळीस. चहूकडे विमानं, काही थोडी वर, काही समोरून उन्हात चमकून जाणारी. मित्राचं काम एकच, बाहेर बघत राहणं आणि बोटाने दाखवणं. दोघांच्या माना दुखायला लागल्या. आणि घिरट्या घालता घालता काटा दीड तासावर आला.

"मित्र म्हणाला, अजून दहा मिनिटं. दीड तास म्हणजे खूप आहे. आणि खरंच होतं ते. दीड तासात इंजिन बंद पडणार नव्हतं. पण मला वाटलं, आत्ता दहा मिनिटं दिली तर पुढची दहाही देईन. मग दीडचा सवा होईल, सव्वाचा एक. आणि मी दमलो होतो. दमलेल्या हातांनी हिरव्या ठिपक्यावर उतरायचं होतं."

मैत्रिणीची नात तोवर गप्प होती. आता तिने विचारलं, "आप मुड़े, और फिर?"

"वळलो आणि पाच मिनिटांत रेडिओवर ऐकलं. रांग पुन्हा सुरू झाली. रिपनवरून या म्हणून."

गच्चीवर कुणीतरी "वो काटा!" ओरडलं. आमच्यापैकी कुणी वर बघितलं नाही.

"मित्र काही बोलला नाही. मीही नाही. गुडघ्यावरच्या कागदाकडे बघितलं आणि तसाच गेलो. ती पाच मिनिटं त्या सबंध प्रवासात सगळ्यात वाईट होती. रांगेतून बाहेर पडलो तेव्हाही इतकं वाईट वाटलं नव्हतं."

सांगू का, मला त्या क्षणी दादा आठवला. "दारातून परत यायचं!" असं म्हणणारा. आपण सगळेच मुलांना हे म्हणतो. एवढी तयारी केलीस, एवढे पैसे घातलेस, आता मागे कसला फिरतोस. परीक्षा असो, नोकरी असो, लग्न असो. आपलं म्हणणं प्रेमाचंच असतं. पण हजार फुटांवर, दमलेल्या हातांत दांडा असताना, कानात बापाचं ते वाक्य वाजत असेल तर? मी भाच्याला विचारलं. तो हसला. म्हणाला, "वाजत होतं ना. म्हणून तर आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवलं. घरी शांतपणे बसून लिहिलेलं वर गेल्यावर बदलायचं नाही."

आणि हा काही नुसता भित्रेपणाचा हिशेब नव्हे. तिथे अपघात होतात. २०२३ च्या जुलैत, मेळा चालू असताना, एकाच दिवशी दोन अपघातांत चार माणसं गेली. २०१८ साली तर शनिवारी हवा बिघडून सगळे अडकून पडले, आणि रविवारी एकदम इतकी विमानं त्या रुळांवर लोटली की नंतर सगळी पद्धतच बदलावी लागली. रांग रिपनच्याही बऱ्याच आधीपासून लावायची सोय केली गेली. म्हणजे पुस्तिकेतली प्रत्येक ओळ कुणाच्या तरी फजितीने किंवा त्याहून वाईट कशाने लिहिली गेली आहे.

फॉन्ड डु लॅकला त्यांनी इंधन भरलं, गवतात तंबू ठोकला आणि चिवडा खाल्ला. तिथे त्यांच्यासारखेच बरेच होते. एक म्हातारं जोडपं होतं, कित्येक वर्षं येणारं. ते म्हणाले, आम्ही तर पहिल्यापासून इथेच उतरतो आणि बसने जातो. दुसऱ्या दिवशी सकाळी, ऑशकॉशचा टॉवर उघडल्या उघडल्या, भाचा पुन्हा निघाला. रिपनला रांगेत पुढे दोनच विमानं. रूळ. फिस्क. "पांढरं विमान, वर पंख असलेलं, पंख हलवा." हलवले. हिरवा ठिपका मिळाला. त्यावर टेकला म्हणतो, मित्र म्हणतो, वीस फूट पुढे. आणि टॉवरने म्हटलं, "ऑशकॉशला स्वागत."

ते टॉवरवाले प्रत्येकालाच म्हणतात म्हणे. पण सांगताना त्याचे डोळे भरून आले, आणि वनस्थलीच्या पोरीचेही.

मग तिने आपल्याकडचं सांगितलं. इथे छोट्या विमानाने एका गावाहून दुसऱ्या गावाला जायचं तरी आधी उड्डाणाचा आराखडा द्यायचा, हवाई संरक्षणाच्या परवानगीचा क्रमांक घ्यायचा, माहिती केंद्राचा क्रमांक घ्यायचा, मग चाक हलायचं. मोठा हवाई मेळा आपल्याकडेही आहे. बंगळूरूजवळ येलहंका इथे १९९६ पासून एरो इंडिया भरतं आणि तिथल्या कसरती बघून मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. पण तो हवाई दलाचा तळ. आपलं सेसना घेऊन गेलो आणि पंखाखाली तंबू टाकून राहिलो, असं तिथे नाही. पोरीला त्याचं वाईट वाटत होतं. मला वाटलं, वाटू दे. वाईट वाटल्याशिवाय कुणी काही बदलत नाही.

गच्चीवर बसलोच होतो, तेव्हा मी त्या दोघांना कांदिवलीच्या गच्चीची गोष्ट सांगितली. तुम्हाला आठवत असेल. कॅप्टन अमोल यादव. नोकरी जेट एअरवेजमध्ये वैमानिकाची, आणि नाद पोबेरेझ्नीचाच, स्वतः विमान बांधायचा. आधीचे प्रयत्न फसले होते. मग चारकोपच्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा आसनी विमान बांधायला घेतलं. इमारतीच्या जिन्यातून सामान वर, वर्षानुवर्षं. आणि २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया' सप्ताह भरला, तेव्हा ते विमान तिथे न्यायचं ठरलं.

आता गच्चीवरचं विमान उडवून कसं नेणार? धावपट्टी कुठाय? तर ते सुटं केलं आणि क्रेनने खाली उतरवलं. एखाद्या विमानाने आपल्या आयुष्यातला पहिला प्रवास दोराला लटकून, जमिनीच्या दिशेने करावा! पण जत्रेला पोचलं. माणसं बघायला लोटली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात डीजीसीएने त्याची नोंदणी केली. आणि स्वतःच्या पंखांवर ते उडालं २०२० मध्ये, धुळ्याच्या धावपट्टीवरून. गच्चीवरून उतरल्यानंतर चार वर्षांनी.

"चार साल!" पोर म्हणाली.

"और तू एक रात में रो रही है," तिची आजी म्हणाली, आणि तिच्या हातात चरखी दिली.

उन्हं उतरली तसे पतंग कमी होत गेले आणि कुठे कुठे कंदील वर चढू लागले. भाच्याचा पतंग त्याआधीच दोनदा कापला गेला होता. येवल्याच्या पोराचा पतंग चांदपोलला कापला जावा, हे त्याने घरी सांगू नये अशी त्याची इच्छा होती. ती मी इथे मोडते आहे.

दादाला मी सगळं फोनवर सांगितलं. दीड तास, गुडघ्यावरचा कागद, पाच मिनिटांनी सुरू झालेली रांग. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "ते गाव काय म्हणालीस? फॉन्ड…?"

"फॉन्ड डु लॅक."

"लिहून घेतो."

या जुलैत भाचा पुन्हा जाणार आहे. त्याच मित्राबरोबर. दादाने मला परवाच लिंक पाठवून ठेवली आणि खाली लिहिलं, "रविवारी रात्री साडेदहाला फोन करतो. पिठलं-भाकरी लवकर उरकून घे." वहिनीने या खेपेला चिवड्याबरोबर शंकरपाळेही केलेत. त्यांचं वजन किती भरतं ते मी विचारलेलं नाही.